हिरवी की लाल विचारणारी चंद्राताई

चंद्राताई कुणाशीही बोलायला लागली की आधी त्याचा हात हातात घ्यायची. ओळख असो वा नसो. बोटं एकत्र दाबून बघायची, अंगठ्याखालचा सांधा चाचपायची आणि मग नाव विचारायची. बांगड्या भरणारी बाई ती, माणसाची पारख मनगटापासून सुरू करायची. "हात ढिला सोड," हे तिचं पहिलं वाक्य. भांडण सोडवायला गेली तरी हेच, समोरची रडत असली तरी हेच. पंचवटीत भाजीबाजाराला लागून जो बोळ आहे, तिथे एका ओट्यावर ती बांगड्यांची पेटी मांडून बसायची आणि दिवसभर तिच्यापुढे कुणाचा ना कुणाचा हात पसरलेला असायचा.

माझा हात तिने पहिल्यांदा धरला तो मात्र बांगड्यांसाठी नव्हे. दोन हजार चार साल होतं. मी तेवीस वर्षांची, नव्या लग्नाची, तिसरा महिना लागलेला. माझा नवरा दिलीप सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशिनवर होता आणि मी घरी ब्लाउज शिवायची. गरोदर बायकांचं रक्त तपासतात तसं माझंही तपासलं आणि मला एचआयव्ही असल्याचं कळलं. मग दिलीपचं तपासलं. त्यालाही होता. ज्या डॉक्टरांकडे आम्ही नाव घातलं होतं त्यांनी खुर्ची जराशी मागे सरकवली आणि म्हणाले, "हे पाडून टाका. आणि पुन्हा या भानगडीत पडू नका." दिलीप मान खाली घालून बसला. मीही बसले. 

तपासणी केंद्रातल्या समुपदेशक बाई भल्या होत्या. त्यांनी एक पत्ता दिला. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत महिन्यातून एकदा आपल्यासारख्या बायका जमतात, जाऊन तर बघा, म्हणाल्या. मी गेले आणि दाराशीच घुटमळले. आत दहा-बारा जणी सतरंजीवर बसलेल्या आणि मधोमध एक काळीसावळी, ठसठशीत कुंकवाची, हातभर बांगड्यांची बाई काहीतरी सांगून सगळ्यांना हसवत होती. माझ्याच डोळ्यांना खोटं वाटावं असं ते हसू होतं. असला आजार असलेल्या बायका हसतात? तिने मला पाहिलं, उठली, सरळ येऊन माझा हात धरला. त्या आठ-दहा दिवसांत मला कुणी आपणहून हात लावला नव्हता.

"हात ढिला सोड. कितवा?"

"तिसरा."

"ठेवायचंय?"

"डॉक्टर म्हणाले की..."

"डॉक्टर काय म्हणले ते नाय इचारलं. नवरा काय म्हणला ते बी नाय इचारलं. तुला काय पायजे?"

खरं सांगते, तोवर मी स्वतःलाही हे विचारलं नव्हतं. ती माझा हात सोडेना. खालून गिरणीची घरघर येत होती आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. मग माझ्या तोंडून एवढ्या मोठ्याने "ठेवायचंय!" बाहेर पडलं की मीच दचकले.

"हां! मंग बस खाली. गोळी हाय."

गोळी आहे, हे मला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. कळा सुरू झाल्या की आईने घ्यायची, जन्मल्यावर बाळाला थेंब पाजायचे, आणि बहुतेक बाळं सुटतात. "सगळीच सुटत्यात आसं मी नाय म्हणायची," चंद्राताई म्हणाली, "पण लय सुटत्यात. मी डोळ्यानं बघितलीत, धावत्यात नुसती." त्या संध्याकाळी मी पंचवटीहून सातपूरला गेले ती रिक्षात बसून नव्हे, हवेत तरंगत गेले असं म्हटलं तरी चालेल. घरात शिरल्या शिरल्या मी दिलीपला सांगितलं. तो कितीतरी दिवसांनी रडला, आणि मग उठून त्याने स्वतः कांदेपोहे केले. ते खारट झाले होते. आम्ही दोघांनी परात पुसून खाल्ले.

तेव्हापासून मी चंद्राताईच्या मागेमागेच असायची. वयाने ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी, पण बोलणं असं की चार बाळंतपणं केलेल्या बायकांनीही तोंडाला पदर लावावा. निरोध कसा वापरायचा हे ती बांगड्या ओवून ठेवायच्या लाकडी दांड्यावर दाखवायची. दाखवून झालं की दांडा पुसायची आणि पुन्हा त्यावर हिरवा डझन सरकवायची. आम्ही पोटं धरून हसायचो. एकदा एक नवी मुलगी आली होती, नुकती विधवा झालेली. ती चाचरत म्हणाली, आता आपल्यासारखीने असले विचारही मनात आणू नयेत. चंद्राताईचे डोळे मोठे झाले.

"का बरं? पोटाला भूक लागती ती बी बंद झाली का तुझी? मला वाटतं बाई, कुणाच्या कुशीत झोपावं. नवरा नाय तरी वाटतं. वाटण्याला काय झालं? कुणाला फसवायचं नाय, दांड्यावर दाखवलं ते इसरायचं नाय, बास."

सगळ्या हसल्या, ती मुलगीही हसली. आणि मग ती चंद्राताईच्या खांद्यावर डोकं ठेवून पुष्कळ वेळ बसून राहिली.

चंद्राताई मूळची सिन्नरकडची. तिचं स्वतःचं तिने मला एकदाच सांगितलं, बोळातल्या ओट्यावर, गिऱ्हाईक नसताना, बांगड्या पुसता पुसता. एकोणिसाव्या वर्षी ती बाळंत झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा गोळी वगैरे काही नव्हतं. पोट फाडून मुलगा झाला. तो वर्षाचा व्हायच्या आत गेला. पुढे नवराही आजारी पडला. तिला आणखी एक मूल हवं होतं, पण दिवस जाईनात. म्हणून ती एका डॉक्टरीणबाईकडे गेली, तर त्या म्हणाल्या, "अगं, तुझं ऑपरेशन झालंय की. मूल होणार कसं?" रक्तात हा आजार निघाला म्हणून पोट फाडलं तेव्हाच, एका दमात, तेही उरकून टाकलं होतं.

"सासूला इचारलं व्हतं म्हणं. नवऱ्याला बी इचारलं. त्यो बिचारा घाबरून हो म्हणला, आन मला सांगायची हिंमत नाय झाली त्याची. पोट माझं व्हतं, तेवढं राहिलं इचारायचं." ती बांगडी उजेडात धरून बघत म्हणाली. "मला आठवतं ते एवढंच. आया आली आन माझ्या बांगड्या काढून घेतल्या. मला वाटलं, पोर व्हायचंय म्हणून आसंल."

नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या कासारणीने तिला हाताशी घेतलं, धंदा शिकवला, आणि ती गेल्यावर पेटी चंद्राताईकडे आली. बाजारातल्या गिऱ्हाइकांना तिचा आजार ठाऊक नव्हता. हे तिचं पोटाचं साधन होतं, त्यामुळे तेवढ्यापुरतं तोंड बंद ठेवायचं, हे तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

सातवा लागला आणि माझी आई मला न्यायला आली. आमचं गाव घोटीच्या पुढे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हा आमच्याकडचा रिवाज. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमत माझ्यात नव्हती आणि दिलीपमध्ये तर नव्हतीच. चंद्राताई हिरवा चुडा भरायला म्हणून घरी आली. आधी माझे हात भरले, मग आईचा हात धरला, आणि बांगड्या भरता भरता, आवाज न चढवता, तिने आईला सगळं सांगितलं. आई खूप रडली. मला वाटलं आता ही उठून जाणार. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "ती गोळी आमच्या गावात भेटती का?"

"नाय भेटत मावशी. इथंच भेटती."

"मंग हिला तिकडं कशाला नेऊ मी?" आई म्हणाली आणि चार दिवसांनी तांदळाची गोणी, डिंकाचे लाडू आणि वळकटी घेऊन माहेरच सातपूरला येऊन उतरलं.

कळा सकाळी सुरू झाल्या. दिलीप रिक्षा आणायला पळाला तो चप्पल न घालताच. ठरल्याप्रमाणे गोळी घेतली. चंद्राताईला निरोप गेला तर ती आमच्या आधी दवाखान्याच्या दारात हजर! बाजार तिने शेजारच्या मेथीवालीवर सोडला होता. दुपारी मला मुलगी झाली, सरळ, कसलाही त्रास न होता. नर्सने तिला थेंब पाजले तेव्हा तिने असं काही तोंड वेडंवाकडं केलं की आई, मी, सगळ्याच हसायला लागलो. चंद्राताईने बाळाची मूठ उघडून अंगठ्याखालचा सांधा चाचपला. "हाड नाजूक हाय. बांगड्या पटापट चढतील," असा निकाल दिला.

त्याच वॉर्डात दुसऱ्या दिवशी सकाळी आया माझ्या खाटेशी आली. "चल, बांगड्या उतरव. दहाला तुझा नंबर."

"कसला नंबर?"

"ऑपरेशनचा. मॅडमनी सांगितलंय. तुमच्यावाल्यांचं लगेच करून टाकायचं असतं."

मी दोन्ही हात चादरीखाली दडवले. दिलीप औषधं आणायला गेला होता, आई धुणं वाळत घालायला. मी "मला नाही करायचं" म्हणाले, पण आवाज असा निघाला की मलाच धड ऐकू येईना. आया म्हणाली, "आता लेकरू झालं ना एक? ते जगलं तरी नशीब. आणखी कशाला?" आणि तिने चादर बाजूला केली.

वॉर्डाच्या कोपऱ्यात सिस्टरचं टेबल होतं. मोरे सिस्टर तिथल्या मुख्य. त्यांच्या भाचीचं लग्न होतं, दुसऱ्या दिवसापासून त्या सुट्टीवर जाणार, म्हणून बांगड्या भरायला त्यांनी चंद्राताईलाच सकाळी बोलावलं होतं. चंद्राताई त्या वॉर्डात वर्षानुवर्षं यायची, निम्म्या नर्सेसचे हात तिने भरलेले. ती मोरे सिस्टरांचा हात मांडीवर घेऊन बसलेली होती आणि तिथून तिला माझ्या खाटेपाशी काय चाललंय ते दिसत होतं. आया माझ्या मनगटाला लागलेली बघून तिचा हात थांबला.

मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. हाक मारायचंही भान नव्हतं.

ती उठली नाही. सिस्टरांच्या हातात तीन बांगड्या चढल्या होत्या आणि चौथी अंगठ्याच्या सांध्यावर येऊन अडली होती. बांगडी अशी मध्ये असताना बाईला हात मागे घेता येत नाही, हे बांगड्या भरून घेणारी प्रत्येक बाई जाणते. चंद्राताई बोलली तेव्हा सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

"सिस्टर, त्या पोरीला जो आजार हाय ना, तो मला बी हाय. लय वर्सं झाली."

मोरे सिस्टरांचा हात लाकडासारखा ताठ झाला. मला खाटेवरून दिसला.

"हात ढिला सोडा," चंद्राताई म्हणाली. "ताठ केला तर बांगडी वाढंल आन तुम्हालाच लागंल. मी हात धरल्यानं काय व्हत नाय, हे तुम्हीच पोस्टर लावलंय त्या भिंतीला."

आयाने माझं मनगट सोडून दिलं होतं. सिस्टर चंद्राताईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांची बोटं हळूहळू सैल झाली.

चौथी बांगडी आत गेली. चंद्राताईचा आवाज आता खाली आला होता, पण थरथरत होता. तो थरथरताना मी पहिल्यांदाच ऐकला. "सिस्टर, एवढी वर्सं तुमचा हात भरते. दोन रुपयाची काच, तरी दर वेळी इचारते, हिरवी का लाल. आन तुम्ही पोरीचं पोट बंद करायला निघालात, तिला इचारलं बी नाय?"

मोरे सिस्टर उठल्या. एका हातात चार बांगड्या, दुसरा हात मोकळा, अशाच त्या चालत माझ्या खाटेपाशी आल्या. "काय गं, तुझी मर्जी नाही का?" मी मान हलवली. "तोंडाने सांग," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "नाही. मला आता करायचं नाही." या वेळी आवाज निघाला.

थोड्या वेळाने डॉक्टर मॅडम आल्या, भडकलेल्याच. हे सगळं तुमच्याच भल्यासाठी करतो, उद्या रडत येऊ नका, असं बरंच काही बोलल्या. मोरे सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पेशंट नको म्हणते. मी हिची तयारी करणार नाही." मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग पुढच्या खाटेकडे वळल्या. झालं! एवढंच! मला वाटलं होतं आभाळ कोसळेल, आणि कोसळलं काहीच नाही. मी लेकीला छातीशी धरून हसत सुटले आणि आई ओले कपडे तसेच हातात घेऊन विचारत राहिली, काय झालं, काय झालं म्हणून.

चंद्राताईला मात्र त्याची झळ बसली. त्या वॉर्डातल्या पुष्कळ जणींनी तिच्याकडून बांगड्या भरणं बंद केलं. बाजारातही कुजबुज पोहोचली, काही नेहमीची गिऱ्हाइकं ओट्यावरून सरळ पुढे जायला लागली. मी तिच्यापाशी हळहळले की ती खेकसायची, "गेली तर गेली. त्यांचे हात काय सोन्याचे व्हते?" मोरे सिस्टर मात्र लग्न आटोपून आल्या त्या थेट ओट्यावर. उजवा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "हा राहिला होता." पुढे दर सणाला त्या यायच्या, येताना एखादी नवशिकी नर्स सोबत आणायच्या.

लेक दीड वर्षाची झाल्यावर तिची शेवटची तपासणी झाली. निकाल ऐकला आणि मी तिला कडेवर घेऊन तडक पंचवटी गाठली. बोळाच्या तोंडापासूनच मी ओरडले, "नाहीये! ताई, तिला नाहीये!" चंद्राताईने समोरच्या गिऱ्हाइकाचा हात अर्ध्यावर सोडून माझ्या लेकीला उचललं आणि भर बाजारात गरागरा फिरवलं. मग पेढे आणले आणि वांगी, कोथिंबीर, मिरच्या विकणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर ठेवत सुटली. "कशाचे गं?" असं कुणी विचारलं की सांगायची, "भाची पास झाली." एवढीशी पोर कुठली परीक्षा पास झाली, हे कुणाला कळेना, पण पेढा कोण नाकारतो!

चंद्राताई दोन हजार नऊ साली गेली. टीबीने गाठलं, शेवटचे काही आठवडे ती आमच्याच घरी होती, आईने तिचं पोटच्या लेकीसारखं केलं. त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही. तिची आठवण निघाली की मला दिसतो तो त्याआधीचा एक दिवस.

लेकीच्या तपासणीनंतर वर्षभराने दिलीपने आणि मी ठरवलं, एवढी एक पुरे. दोघांची औषधं चालू होती, तब्येती सुधारल्या होत्या, जगायची हौसही होती, पण मूल आम्हाला एकच हवं होतं. मला ऑपरेशन करून घ्यायचं होतं. हे चंद्राताईला सांगायला माझी जीभ रेटेना. जिने माझ्यासाठी स्वतःचा धंदा पणाला लावला, तिला कोणत्या तोंडाने सांगू की जे होऊ नये म्हणून तू भांडलीस तेच मी करायला निघालेय? शेवटी सांगून टाकलं. ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग खो खो हसली.

"येडी का खुळी? मी काय ऑपरेशनशी भांडले व्हते? दुश्मनी हाय का माझी त्याच्याशी? कर की. मी येते, डबा आणते."

ती आली. डब्यात मऊ खिचडी होती. मोरे सिस्टरांची तोवर बदली झाली होती, मॅडमही नव्हत्या, एक नवा तरुण डॉक्टर होता. त्याने माझ्याजवळ स्टूल ओढून घेतलं, ऑपरेशनमध्ये काय करतात ते समजावून सांगितलं आणि म्हणाला, "ताई, नक्की ठरलंय ना? घाई नाहीये. मनात थोडीही शंका असेल तर आज घरी जा. विचार करा, पुढच्या महिन्यात या."

"नक्की," मी म्हणाले. माझ्या बांगड्या मीच उतरवल्या आणि चंद्राताईच्या ओच्यात टाकल्या. मग चालत आत गेले.

बाहेर आणलं तेव्हा मी गुंगीत होते. जाग आली तेव्हा खाटेशी चंद्राताई बसलेली, डोळे लालबुंद. एवढ्या वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, स्वतःच्या मुलाचं सांगतानाही नाही. मी घाबरले. मला वाटलं, माझंच काहीतरी वाईट झालं.

"ताई, काय झालं?"

"काय नाय. तू बरी हायेस." तिने माझा हात हातात घेतला, पण दाबला नाही, चाचपला नाही, नुसता धरून ठेवला. "तो डॉक्टर तुला घरी जा म्हणला ना गं."

"हो. मग?"

"मला कुणी तसं म्हणलं आसतं ना, सुरेखा, तर मी गेले आसते. तशीच उठून पळत गेले आसते."